दोन प्रती, दोन वेगळे हॅश: डिस्क गेली की रॅम? ईसीसी घ्यावी का?

सुप्रिया_वाई

नमस्कार मंडळी. बाबांचा वाईत फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर त्यांच्या निगेटिव्ह मी दोन वर्षं बसून स्कॅन केल्या. नऊ हजारांच्या आसपास टिफ फायली झाल्या. शिवाय आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून उतरवून घेतल्या आहेत. हे सगळं एकदाच मिळालेलं आहे, पुन्हा मिळणार नाही.

मागच्या आठवड्यात संगणकातून बाहेरच्या डिस्कवर प्रत काढली आणि कुणीतरी सुचवलं म्हणून दोन्हीकडचे शा-२५६ हॅश (फाइलमधल्या डेटावरून काढलेली ओळखखूण) जुळवून पाहिले. सहा फायली जुळल्या नाहीत. त्यातल्या पाच उघडतात, बघताना काहीच वेगळं दिसत नाही. सहाव्या फोटोत एका ओळीपासून पुढे रंग सरकलेत.

दोन्ही डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) स्वच्छ आहे. दुकानदार म्हणतो विंडोज पुन्हा टाका. भाऊ म्हणतो अवकाशातून येणाऱ्या किरणांनी असं होतं, त्याला इलाज नाही. मशीन २०२१ चं: रायझन ५ ३६००, डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, साध्या, ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणाऱ्या) नाहीत. मला खरंच कळत नाहीये की कशावर विश्वास ठेवायचा. ईसीसी रॅम घेतली तर फरक पडेल का? आणि डीडीआर५ मध्ये ईसीसी आपोआप असते म्हणतात, मग मशीनच बदलू का?

अमोल_पिंची

विंडोज टाकू नका, त्याचा संबंध नाही. आधी यूएसबी केबल बदला, डिस्क मागच्या पोर्टला लावा, पुढच्या नको. त्याच सहा फायली पुन्हा कॉपी करून हॅश काढा. या वेळी जुळले तर कॉपी करतानाच गडबड झाली होती. नाही जुळले तर तज्ज्ञ मंडळी सांगतीलच.

काटेकोर_इस्लामपूर

सुप्रियाताई, सगळ्यात आधी एक विनंती: जुन्या निगेटिव्ह टाकू नका आणि डिस्कवरच्या कुठल्याही फायली आत्ता पुसू नका. त्या बिघडलेल्या सहा फायली म्हणजे तुमचा पुरावा आहे.

आता त्यांच्याकडूनच विचारून घेऊ. मूळ फाइल आणि प्रत दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफसी’ ही आज्ञा ‘/बी’ लावून चालवा. ती दोन फायली बाइट-बाइट लावून बघते आणि जिथे फरक आहे तिथला पत्ता आणि दोन्हीकडचे आकडे दाखवते. ते जसेच्या तसे इथे लिहा. किती बाइट वेगळे आहेत यावर सगळं अवलंबून आहे. डिस्क बिघडली की सहसा ५१२ किंवा ४०९६ बाइटचा अख्खा तुकडा जातो. रॅम बिघडली की एखादाच बाइट, आणि त्यातल्या आठ बिटांपैकी (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) एकच बिट.

मी हे इतक्या तळमळीने का सांगतोय तेही लिहितो. २०१६ च्या गाळप हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे संगणक माझ्याकडे देखभालीला होते. एका रात्रीची पाळी संपली आणि काट्यावरच्या छापील पावत्यांची बेरीज संगणकातल्या बेरजेशी जुळेना. एक खेप पावतीवर १८,२४० किलो आणि संगणकात २६,४३२. साध्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत एवढा ऊस बसतच नाही. पण रात्री दोन वाजता हा विचार कोण करतो? काट्यावरच्या मुलाने वाहतूकदाराशी संगनमत करून आकडा वाढवला, काटा मारला, असं सरळ बोललं गेलं. चोवीस वर्षांचा मुलगा, सकाळी घरी पाठवून दिला.

मी सकाळी कागदावर वजाबाकी केली. ८,१९२. नुसता फरक म्हणून हा आकडा कुणालाच खटकला नाही, पण संगणकाशी रोजचा संबंध असलेल्याला तो बघताक्षणी ओळखू येतो: दोनचा तेरावा घात. लबाडी करणारा माणूस आकडा हजाराने, दोन हजाराने वाढवेल; बरोबर ८,१९२ ने कशाला वाढवेल? रॅमची तपासणी लावली. तिसऱ्या फेरीत लाल ओळ आली, आणि अपेक्षित व मिळालेल्या संख्येतला फरक तोच, तेरावा बिट. एक स्टिक खराब होती. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर आला. त्याला घरी घालवणाऱ्यांनी त्याची माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही, मी मात्र त्याला ती छापील तपासणी नेऊन दाखवली.

असंच एक मोठं प्रकरण बेल्जियमचं. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्खारबेकमध्ये एका उमेदवाराला शक्यच नव्हती इतकी मतं पडली. फेरमोजणीत ४,०९६ मतं जास्तीची निघाली. दोनचा बारावा घात. तिथे आकडा अशक्य होता म्हणून सापडलं. फरक हजारभर मतांचाच असता आणि आकडा शक्यतेच्या आत राहिला असता तर?

तुमच्या भावाचं म्हणणं चूक नाही. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळून न्यूट्रॉन खाली पाडतात आणि ते चिपमधला बिट उलटवू शकतात. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, इंटेलच्या लोकांना आढळलं होतं की चिपच्या सिरॅमिक आवरणातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. पण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अवकाशातले पुष्कळसे कण परतवून लावतं, आणि वाई काही विमानाच्या उंचीवर नाही. एका कॉपीत सहा फायली गेल्या तर ते किरण नव्हेत. ती खराब स्टिक. एफसी चालवा, आपल्याला कळेलच.

सुप्रिया_वाई

काका, चालवलं. अंगावर काटा आला. सहाही फायलींत फक्त एक-एक बाइट वेगळा. पहिल्या तीन लिहिते: मूळ ४डी, प्रत ५डी. मूळ सी२, प्रत डी२. मूळ ०८, प्रत १८. पत्त्यांचा शेवटचा अंक एकतर ३ आहे किंवा बी. बाकीच्या तीनचंही तसंच.

अमोलदादा, केबल बदलून पुन्हा कॉपी केली. जुन्या सहा जुळल्या, पण नव्या दोन बिघडल्या.

काटेकोर_इस्लामपूर

यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही, ताई. एफसी आकडे सोळाच्या पायावर दाखवते, नवानंतर ए ते एफ. ४डी आणि ५डी मध्ये फरक १६ चा. सी२ आणि डी२ मध्येही १६ चा. ०८ आणि १८ मध्येही. म्हणजे दरवेळी बाइटमधला तोच एक बिट. आणि पत्ता ३ किंवा बी ने संपतो, म्हणजे आठाने भागल्यावर बाकी नेहमी ३. रॅम आणि प्रोसेसरमध्ये डेटाच्या ६४ वाटा असतात, एका वेळी आठ बाइट जातात. तुमच्या मशीनमध्ये त्या आठांतल्या ठरावीक बाइटाचा ठरावीक बिट घसरतोय. अवकाशातला कण असा नेम धरून येत नाही.

आता असं करा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी बंद करा. ते चालू असलं की रॅम प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगाने पळते. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. हे फुकट आहे. चूक आली की मशीन बंद करून एक स्टिक काढा, एकच ठेवून पुन्हा चालवा, मग दुसरी. दोन्हींसाठी स्लॉट तोच वापरा, नाहीतर दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळणार नाही. आणि हे होईपर्यंत त्या मशीनवर एकही फोटो उघडून ‘सेव्ह’ करू नका.

प्राजक्ता_सर्व्हर

मी पुण्यात डेटा सेंटरमध्ये काम करते, थोडं वेगळं मत मांडते. निदान अगदी बरोबर आहे. पण घरच्या वापराला ईसीसीवर पैसे घालण्याआधी सुप्रियाने तिसरी डिस्क घ्यावी आणि ती दुसऱ्या गावी, भावाकडे ठेवावी. आग, चोरी, डिस्क पडणं, चुकून डिलीट होणं, घरी डेटा या कारणांनी जास्त जातो. तीन प्रती आणि हॅशची यादी असली की एक बिघडलेली प्रत सापडते आणि दुरुस्तही करता येते.

डीडीआर५ बद्दल: तिच्यात ईसीसी आहे ती चिपच्या आत. १२८ बिटांमागे ८ जादा बिट. बिट साठवणाऱ्या पेशी इतक्या बारीक झाल्या की त्याशिवाय चिप बनवणं परवडेना, म्हणून ती सोय आली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही झालं तर ती काही करत नाही, आणि किती चुका सुधारल्या तेही तुम्हाला कळू देत नाही. त्यासाठी मशीन बदलू नकोस.

काटेकोर_इस्लामपूर

प्राजक्ताताई, तिसऱ्या डिस्कचं शंभर टक्के मान्य, आणि ती आधीच घ्यावी. पण एका ठिकाणी मी अडून बसणार. हॅश काढला तो कशातून? रॅममधूनच. स्कॅनर ते डिस्क या प्रवासात फाइल रॅममध्ये असतानाच बिट फिरला तर हॅश चुकीच्या फाइलचाच निघतो आणि तिन्ही प्रती एकमतानं चुकीच्या राहतात. सुप्रियाताईंचं नशीब की त्यांच्या फायली कॉपी करताना बिघडल्या. दोन वर्षांच्या स्कॅनिंगमध्ये किती बिघडल्या हे आता कुठल्याच हॅशला सांगता येणार नाही.

ईसीसीचं मोल मला दुरुस्तीपेक्षा कबुलीत वाटतं. ६४ बिटांबरोबर आणखी ८ बिट ठेवायचे. एक बिट चुकला तर जागेवर सुधारायचा, दोन चुकले तर ओरडून सांगायचं. ही युक्ती नवी नाही. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जायचे, यंत्राला चूक सापडली की ते काम सोडून द्यायचं, आणि सोमवारी हाती काही नसायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं तर ती कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी ही पद्धत काढली. १९५० साली छापून आली. पंच्याहत्तर वर्षं झाली, आणि अजून घरच्या ग्राहकाला ती मागून, शोधून, जास्त पैसे देऊन घ्यावी लागते. याचा मला मनापासून राग आहे. गुगलने आपल्याच सर्व्हरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये सुधारता येणाऱ्या चुका आढळल्या. त्यांना त्या दिसल्या, कारण त्यांच्या मशीनमध्ये ईसीसी होती. आपल्याला दिसत नाहीत म्हणून आपल्याकडे होत नाहीत असं आपण धरून चाललोय.

दुसरं सुरक्षेचं. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या संशोधकांनी दाखवलं की रॅममधली एक ओळ सतत वाचत राहिलं तर तिच्या शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. त्यांनी १२९ स्टिक तपासल्या, त्यातल्या ११० मध्ये हे झालं. याचं नाव रोहॅमर. वाड्यात शेजारच्या बिऱ्हाडी रोज उखळात कांडलं की आपल्या भिंतीचा गिलावा सुटतो, तसं. पुढच्याच वर्षी गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधकांच्या गटाने याचा वापर करून साध्या प्रोग्रामला अख्ख्या मशीनचा ताबा मिळवून दाखवला. डीडीआर४ मध्ये बंदोबस्त केला म्हणाले, २०२० मध्ये तो मोडला. २०२५ मध्ये झुरिकच्या ईटीएच आणि गुगलच्या लोकांनी एका मोठ्या उत्पादकाच्या डीडीआर५ च्या १५ स्टिक घेतल्या, पंधराही फोडल्या. ईसीसीने हा हल्ला पूर्ण थांबतो असं नाही, तेही ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण हल्लेखोराचं काम पुष्कळ अवघड होतं, आणि बहुतेक प्रयत्नांची नोंद मागे राहते. साध्या रॅममध्ये काहीच राहत नाही.

आणि किरणांना मी वाईपुरतं बाजूला सारलं, विमानात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए३२० कुटुंबातल्या सुमारे ६,००० विमानांत तातडीने बदल करायला लावले, कारण तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण नियंत्रणाचा डेटा बिघडू शकतो असं आढळलं. आपल्याकडचीही विमानं त्यासाठी थांबली होती.

सुप्रिया_वाई

निकाल: दोन्ही स्टिक लावून एक्सएमपी बंद केल्यावर चुका कमी झाल्या पण गेल्या नाहीत. मग त्याच स्लॉटमध्ये एकेक लावून पाहिली. एक स्टिक सकाळपर्यंत स्वच्छ, दुसरीत सव्वा तासात अकरा चुका. ती काढून बाजूला ठेवली, वर चिकटपट्टी लावून ‘खराब’ लिहिलं. आता एकाच स्टिकवर मशीन चालू आहे, नऊ हजार फायली पुन्हा कॉपी केल्या, सगळे हॅश जुळले.

ज्या फोटोत रंग सरकले होते तो बाबांनी काढलेला मेणवलीच्या घाटाचा आहे. त्याची मूळ फाइल शाबूत निघाली. पण काका म्हणतात ते डोक्यातून जात नाही, स्कॅन करतानाच बिघडलेल्या किती असतील? आणि माझ्या मदरबोर्डावर ईसीसी चालेल का?

काटेकोर_इस्लामपूर

तुमचा प्रोसेसर ईसीसी घेतो. बोर्ड घेतो का ते बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत मेमरीच्या पानावर बघा. ‘अनबफर्ड ईसीसी’ असं लिहिलेलं हवं. लॅमिंग्टन रोडला जुन्या सर्व्हरची रॅम स्वस्तात मिळते ती ‘रजिस्टर्ड’ असते. खाचेत बसेल, पण मशीन सुरू होणार नाही, ती घेऊ नका. लावल्यावर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून एकदा मशीन सुरू करून ‘एडॅक’च्या (ईसीसीने पकडलेल्या चुका नोंदवणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) नोंदी बघा. बोर्ड रॅम स्वीकारतो पण ईसीसी चालूच करत नाही, असेही असतात.

जुन्या स्कॅनचं: सगळ्या नऊ हजार पुन्हा करू नका. टिफमध्ये एका बिटाने एका ठिपक्याचा रंग जरासा हलतो, डोळ्याला दिसतही नाही. जिथे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत बिट फिरला, किंवा फाइल दाबून साठवलेली आहे, तिथेच फोटो मोडतो, आणि तो फाइल पूर्ण उघडून बघितली की बहुतेक कळतो. सगळ्या टिफ एकदा पूर्ण उघडून बघणारा छोटा प्रोग्राम मी लिहून देतो, नवीन रॅमवर चालवा. ज्या उघडणार नाहीत, किंवा मेणवलीच्या फोटोसारखे रंग सरकलेले दिसतील, तेवढ्याच निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करायच्या.

ओव्यांच्या फायली कोणत्या प्रकारच्या आहेत? वाव (न दाबलेला आवाज) असतील तर आत्ताच फ्लॅक (आवाज न बिघडवता दाबून साठवणारा प्रकार) करून ठेवा. फ्लॅक फाइल आपल्या पोटात मूळ आवाजाचा हॅश ठेवते, पुढे कधीही तपासता येईल. फक्त ते काम चांगल्या स्टिकवर करा, आणि झाल्यावर एकदा सगळ्या ओव्या ऐका.