मदत हवी आहे: कंसांच्या जोड्यांचे रंग वेगळे दिसत नाहीत

रानवारा
कंसांच्या जोड्यांना रंग देण्याची सोय चालू असूनही मला दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचे कंस एकाच रंगाचे दिसतात. फंक्शनच्या शेवटी `})]);` असा पुंजका आला की कोणता कंस कुठे उघडला होता हे शोधण्यातच वेळ जातो. काम उद्या द्यायचे आहे, तेव्हा रंग वेगळे कसे करायचे एवढेच कृपया सांगावे.

सह्याद्री
आपण कोड लिहायला कोणता एडिटर वापरता, फाइल कोणत्या भाषेतली आहे आणि थीम (एडिटरची रंगसंगती) कोणती, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. व्हीएस कोड असेल, तर ही सोय २०२१ मध्ये १.६० या आवृत्तीपासून त्यातच आली आणि २०२२ मध्ये १.६७ पासून ती आपोआप चालू असते. त्याआधीचे एखादे एक्स्टेंशन राहिले असेल, तर ते आधी काढून टाका.

रानवारा
व्हीएस कोडच आहे, आवृत्ती ताजी आहे, भाषा जावास्क्रिप्ट आहे आणि एक्स्टेंशन एकही नाही.

पारिजात
मी इमॅक्स वापरतो. त्यातले रेनबो डिलिमिटर्स हे पॅकेज खोलीच्या नऊ पातळ्यांना नऊ रंग देते, त्यामुळे तीन रंगांची आलटापालट करावी लागत नाही. एकदा वापरून पाहाच.

काटकोन
ज्यांना उद्या काम द्यायचे आहे, त्यांना आज नवा एडिटर शिकायला सांगणे योग्य नाही. माझ्या मते इतके कंस एकात एक येतात हाच खरा दोष आहे. आतला भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढावा, म्हणजे रंगांची गरजच उरत नाही.

पारिजात
दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचताना फंक्शने वेगळी काढत बसता येत नाही, काटकोन साहेब. वाचण्यासाठी रंग लागतातच.

मोगरा
सेटिंग्जमध्ये ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स चालू ठेवा, म्हणजे उघडणारा कंस टाइप करताच बंद होणारा कंस आपोआप येईल आणि एकही कंस राहून जाणार नाही.

सह्याद्री
मोगरा ताई, त्यांचा कंस राहून गेलेला नाही. तसे असते तर जोडी नसलेला बंद कंस लाल दिसला असता.
रानवारा, थीमचे अजून कळले नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या मूळ थीममध्ये पातळ्यांना निळा, हिरवा आणि तपकिरी असे रंग मिळतात आणि चौथ्या पातळीला पुन्हा निळा येतो. तुमच्या पुंजक्यात सर्वांत बाहेरचा गोल कंस पहिल्या पातळीवर असेल, तर महिरपी कंस निळा, त्यानंतरचा गोल कंस तपकिरी, चौकटी कंस हिरवा आणि शेवटचा गोल कंस निळा असायला हवा. मधले दोन तुम्हाला सारखे दिसतात का?

रानवारा
होय, तेच दोन. थीम पांढरीच आहे. लाल-हिरव्या छटांमधला फरक मला लहानपणापासून ओळखता येत नाही.

काटकोन
मग प्रत्येक प्रकारच्या कंसाची पातळी स्वतंत्र मोजणारी सेटिंग चालू करा. तिचे नाव इंडिपेंडंट कलर पूल पर ब्रॅकेट टाइप असे आहे. पुंजक्यात आतला गोल कंस हिरवा होईल आणि बाकीचे तिन्ही कंस निळे राहतील.

सह्याद्री
या पुंजक्यापुरते ते चालेल, पण गोल कंस एकात एक तीनदा आले की पुन्हा हिरवा आणि तपकिरी समोरासमोर येतील. रंगच बदललेले बरे. सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स या भागात एडिटर ब्रॅकेट हायलाइट या नावाखाली फोरग्राउंड १ ते ६ अशा सहा जागा आहेत. पहिल्या तीन जागी गडद निळा, शेंदरी आणि काळा असे रंग द्या. निळा आणि शेंदरी ही जोडी लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही सहसा वेगळी दिसते आणि काळा रंग नुसत्या गडदपणामुळे ओळखू येतो. मात्र हे रंग चौकटी कंसात थीमचे नाव लिहून त्याच्या आतच द्या, नाहीतर काळी थीम लावल्यावर काळे कंस दिसेनासे होतील. शिवाय ब्रॅकेट पेअर गाइड्स चालू केल्यास जोडीच्या दोन टोकांमध्ये उभी रेघ येते, त्यामुळे सगळा भार रंगावर राहत नाही.

रानवारा
निळा, शेंदरी आणि काळा दिले, आता चारही कंसांच्या जोड्या नीट लागतात. रेघही चालू केली आहे. मनापासून आभार. हे रंग प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या सेटिंग्जमध्ये गेले, तर सहकाऱ्यांच्या एडिटरमध्येही बदलतील का?

सह्याद्री
ती फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडसोबत, असेल, तर नक्कीच बदलतील, म्हणून हे रंग यूजर सेटिंग्जमध्येच ठेवा.