जुन्या रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान चाळण्यात अजून राम आहे का?

शहापूरकर:
रविवारी पावसानं जरा उघडीप दिली म्हणून इथं बेळगावच्या बाजारात गेलो आणि जुन्या रेकॉर्डच्या दुकानात साडेतीन तास रमलो. घरी बोलणी बसली. भाऊ म्हणतो, सगळं मोबाईलवर फुकट मिळतं, तू धूळ कशाला खातोस?

मोबाईलवर आपण ठाऊक असलेलंच शोधतो. खोक्यात हात घातला की हाताला लागेल ते. परवा एकाच खोक्यात भीमसेनजींची मराठी संतवाणी आणि त्यांचीच कन्नड दासरपदं, म्हणजे तिकडच्या संतांची भजनं, एकमेकांना चिकटून होती. खाली नाट्यसंगीत, त्याखाली मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली कन्नड शरणांची वचनं. कुणी मुद्दाम तसं लावलेलं नव्हतं. एका घरातून जशी निघाली तशीच आली होती. म्हणजे त्या घरात दोन्ही भाषा कानावर पडत होत्या. बेळगावच्या सीमावादावर बोलणारं कुणी मला हे कधी सांगितलं नाही, त्या खोक्यानं सांगितलं.

आणि त्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या! एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश मांडायची, ताना घेऊन समेवर यायचं. अगदी सुरुवातीच्या काही तबकड्यांत गाणं संपताच गाणारा स्वतःचं नाव सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस कानात आपलं नाव सांगून जातो, तेव्हा अंगावर काटा येतो.

टिळकवाडी_६:
भावना समजल्या, पण पटलं नाही. तुम्ही ज्याला आनंद म्हणता त्यात तबकडीचा जीव जातो. लाखेच्या ७८ची खाच रुंद असते. तिच्यावर एल.पी.ची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई ठेवली की ती तळाशी घासत जाते. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर दर बाजूला बदलायची असते. दुकानात ‘वाजवून दाखवतो’ म्हणतात तेव्हा ती सुई कधीची असते, विचारलंत कधी? वर आपल्याकडचा पाऊस. चार महिने ओल, एल.पी.वर बुरशीचे पांढरे ठिपके. मी गेल्या वर्षी दीडशे रुपये देऊन एक घेतलो, घरी येऊन उजेडात तिरकी धरून बघितलो तर नख अडकेल एवढा ओरखडा. अशा ठिकाणी तास घालवण्यापेक्षा तेवढ्या पैशात एखादी मैफल ऐकावी.

खानापूरची लेक:
दादा, ओरखडा दुकानातच बघायचा असतो. उजेडात तिरकी धरायची ती पैसे देण्याआधी!

मी रेकॉर्ड घेत नाही, कॅसेट घेते. त्यातही कोऱ्या आणून घरी भरलेल्या. एकदा साठ मिनिटांची एक आणली, वर शाईनं नुसतं ‘धारवाड केंद्र’ लिहिलेलं. टेप सैल झाली होती, पेन्सिल घालून ओढून घेतली. आत आकाशवाणीवरचं भजन होतं. मध्येच पत्र्यावरचा पाऊस वाढतो आणि एक बाई म्हणते, “ओ, दार ओढून घ्या, पाणी आत यायलंय.” मग पुन्हा भजन. हे मोबाईलवर कुठं शोधणार? आणि शोधायचं तर काय लिहून शोधणार?

निपाणीकर:
ताई, हे वाचून मला वाईटच वाटलं. कुणाच्या तरी आईचा आवाज खोक्यात पडून विकला जातो, यात आनंद कसला? ज्यांच्या घरचा तो, त्यांना पत्ताही नसेल.

माझा विरोध दुकानाला नाही, साठवून ठेवण्याला आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, मग तो संपतो. म्हणजे साठ वर्षांहून जुन्या तबकड्या, त्यातल्या गीत-संगीताचा हक्कही संपला असेल तर, आज कुणीही डिजिटल करून सर्वांना ऐकवू शकतो. पण होतं काय? दुकानातून कपाटात, आणि कपाटाला कुलूप. गायक कुमार गंधर्व १९२४ साली याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले. त्यांच्या नावाचं रंगमंदिर शहरात आहे. त्या सुळेभावीतल्या पोरानं जुनं गाणं ऐकायला कुणा संग्राहकाच्या दारात उभं राहायचं का?

शहापूरकर:
कुलपाचं बोललात ते लागलं. माझ्याकडेही चाळीसेक आहेत आणि मी कुणाला दिलेल्या नाहीत. या दिवाळीपर्यंत त्यातल्या जुन्या उतरवून घेईन.

पण निपाणीकर, डिजिटल करायला आधी तबकडी हातात तर यायला हवी. घर रिकामं करताना लोक भंगारवाल्याला बोलावतात. तो किलोवर घेतो. लाखेची तबकडी हातातून पडली की तुकडे. ती वाटेत अडवणारा एकच माणूस आहे, हा दुकानदार. आणि आपण रविवारी खोकी उपसायला गेलो नाही तर तो तरी कशाला अडवेल? ताईंच्या कॅसेटमधली ती बाईही भंगारातच गेली असती.

निपाणीकर:
एवढं मान्य. कॅसेटच्या बाबतीत अजूनही नाही.

टिळकवाडी_६:
शहापूरकर, रविवारी मीपण येतो. पण तिथल्या मशीनवर एकही तबकडी लावायची नाही. ७८ची सुई माझ्याकडे आहे, घरी आणून उतरवू.