केमो चालू आहे म्हणून माणसाला अंधारात झोपवायचं का?

डोंबिवलीकर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काल एक लेख फिरला. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरच्या पेशंटला उन्हात नेऊ नका, चालवू नका, खोलीचे पडदे लावून ठेवा, अंगातली ताकद आजाराशी लढायला राखून ठेवा. खाली काका-मामांनी भराभर हात जोडले. मी दोन ओळी लिहिल्या तर "तू डॉक्टर आहेस का?" म्हणून गप्प केलं. इथे सविस्तर लिहितो.

डॉक्टर नाही. पण वहिनीच्या स्तनाच्या कॅन्सरची केमो आमच्याच घरात झाली. आई तिला अगदी या लेखात लिहिलंय तशीच सांभाळत होती. पडदे ओढलेले, चहा पलंगावर, "उठू नकोस गं" दिवसभर. केमोबरोबरच्या स्टिरॉइडने रात्रीची झोप आधीच उडालेली, त्यात दुपारी गाढ झोपायची आणि रात्री तीनला टक्क जागी. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर, म्हणजे सायकलनंतर, बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला झापलं. उजाडलं की बाल्कनीत बसवा, पॅसेजमध्ये चालवा, रोज थोडं वाढवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. थकवा नाहीसा झाला असं मी म्हणत नाही. पण पुढच्या सायकलींमध्ये ती स्वतः आंघोळ करून, ओट्याशी उभी राहून स्वतःचं ताट वाढून घ्यायची.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात केमो चालू असलेल्या बायकांना रोज सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बसवलं, बाकीच्यांना मंद लाल दिव्यासमोर. लाल दिव्यावाल्यांचा थकवा केमोबरोबर वाढत गेला, पांढऱ्यावाल्यांचा वाढला नाही. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ॲस्कोने, 2022 मध्ये उपचार चालू असतानाच व्यायाम सुचवा असं डॉक्टरांना लेखी सांगितलं. आणि 2025 मध्ये आलेला चॅलेंज नावाचा अभ्यास तर मोठाच आहे. आतड्याच्या कॅन्सरचे 889 पेशंट. ज्यांना तीन वर्षं व्यायामाला लावलं त्यांच्यातले 80.3 टक्के पाच वर्षांनी आजारमुक्त होते. ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली त्यांच्यात 73.9 टक्के. आठ वर्षांनी जिवंत असलेले 90.3 आणि 83.2.

पडदे उघडा. एवढंच माझं म्हणणं आहे.

रानजाई

मोठं लिहिलंत, आता दुसरी बाजूही ऐका. चॅलेंजमधले पेशंट ऑपरेशन आणि केमो आटोपल्यावर घेतलेले होते. केमो चालू असलेले नव्हेत. बहुतेक सेंटरं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली, मदतीला प्रशिक्षक, वर्षानुवर्षं पाठपुरावा. ते आकडे तुम्ही पडद्यांना जोडलेत.

माझे बाबा नागपूरला. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या चालू होत्या. तळपाय सोलून निघालेले, चपलेचा पट्टासुद्धा सहन होत नव्हता. या गोळ्यांत घर्षण टाळा, फार चालू नका असं डॉक्टरच सांगतात. शिवाय कातडी उन्हाला हळवी होते. आणि शेजारचे काका रोज फाटकाशी उभे: "कोवळं ऊन घ्या, चार किलोमीटर चाला, सगळं ठीक होईल." नागपूरला एप्रिलात आठ वाजताचं ऊन कोवळं असतं का? बाबा लाजेखातर दोनदा गेले. पायाला फोड आले, पुढचा डोस पुढे ढकलावा लागला. त्यानंतर काका काय म्हणाले माहीत आहे? "मनापासून चालले नसतील."

मला चीड याची आहे. आजार वाढला तर दोष पेशंटच्या माथी मारायला आणखी एक कारण मिळतं.

डोंबिवलीकर

चॅलेंज उपचारानंतरचा आहे, हे बरोबर. पण ॲस्कोची शिफारस उपचार चालू असतानाची आहे, दिव्याचा अभ्यास केमो चालू असतानाचा आहे. ते तुम्ही सोडून दिलंत. आणि तुमच्या शेजारच्या काकांचा राग माझ्यावर काढू नका.

वॉर्डातली ताई

कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. दोघांचंही ऐकून राहवेना.

थकवा दोन तऱ्हेचा असतो. हिमोग्लोबिन सातवर आलंय म्हणून दम लागतोय, तर आधी रक्त बघा, चालणं नंतर. पण पडून पडून जो थकवा येतो तो पडून जात नाही. मांडीचा स्नायू आठवड्याभरात उतरलेला आम्हाला पायजम्यावरून दिसतो.

कोणाला आपल्या मनाने चालवायचं नाही तेही सांगते. कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलणं, वाकणं, जिने काही नाही, साध्या पाय घसरण्याने मांडीचं हाड मोडलेलं पाहिलंय. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी असतील तर धडपडून रक्तस्राव होण्याची भीती. काउंट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी असताना गर्दीच्या बागेत नको, घरातल्या घरात चाला. ताप असेल त्या दिवशी पूर्ण आराम. रेडिएशन चालू असेल तर त्या जागेच्या कातडीला ऊन अजिबात नाही, सैल सुती कपड्याने झाका.

आणि आता रानजाईताई, तुमच्यासाठी. सकाळच्या उजेडाचं काम डोळ्यांवाटे होतं, शरीराचं घड्याळ त्याने लागतं. त्यासाठी कातडी भाजून घ्यायची गरजच नाही. झाडाच्या सावलीत, बाल्कनीच्या आतल्या बाजूला बसलं तरी ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो. तळपाय सोलले असतील तर खुर्चीत बसून हातापायांचे व्यायाम होतात, तेही व्यायामातच धरले जातात.

रानजाई

सावलीतला उजेड, खुर्चीतला व्यायाम. असं कोणी सांगितलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण व्हॉट्सॲपवर जातं ते "ऊन घ्या, चाला", बाकीच्या अटी वाटेत गळून पडतात.

पिंपळपान

आणि जातात कुठे? 2024 च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने बरा झाल्याचं सांगितलं. टाटाच्या 262 आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं की असल्या गोष्टींवर विसंबून उपचार लांबवू नका. आज बाल्कनीतला उजेड, उद्या सूर्योपचार, परवा केमो बंद. माझ्या आत्याने असंच केलं. स्तनात सुपारीएवढी गाठ असताना ऑपरेशन नको म्हणाली, एका शिबिरात गेली, परत आली तेव्हा गाठ फुटलेली होती. म्हणून उजेड-व्यायामाचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

डोंबिवलीकर

आत्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण मी एका शब्दाने तरी केमो सोडा म्हणालो का? वहिनीने एकही सायकल चुकवली नाही. उलट अंगात थोडी ताकद राहिली म्हणून ती वेळेवर पुऱ्या झाल्या असं मी मानतो. फसवणारे सूर्याचं नाव घेतात म्हणून आम्ही खिडकी उघडायची नाही का?

एडमंटनवासी

चॅलेंज आमच्या इथल्याच, कॅनडातल्या लोकांनी पुढे नेलेला अभ्यास, म्हणून लिहितो. त्यातला व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास भरभर चालण्याइतका. आमच्याकडे डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि सव्वाचारला मावळतं, बाहेर उणे वीस. बायकोच्या उपचारांत आम्ही दिवा विकत आणून सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ठेवायचो, आणि ती मॉलमध्ये चालायची. तुमच्याकडे बारा महिने उजेड फुकट आहे, तरी लोक पडदे लावून बसतात याचं फार आश्चर्य वाटतं.

परळकर

फुकट? इथे येऊन बघा साहेब. मी परळला राहतो, हॉस्पिटलच्या आसपास. बीड, जळगाव, पार बिहार-बंगालहून आलेली माणसं फुटपाथवर निळं प्लास्टिक बांधून राहतात. त्यांना उजेडाची कमी नाही, दिवसभर डोक्यावर ऊनच आहे. हवी आहे ती सावली, संडास आणि एक रात्र पाठ टेकायला जागा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब म्हणायचं. आणि तुम्ही त्यांना लक्स मोजून दाखवताय. चालायचं म्हणजे कुठे? फुटपाथवर मोटरसायकली, खणलेला रस्ता, पुलाचे जिने. ओपीडीच्या रांगेत चार तास उभं राहणं हाच त्यांचा व्यायाम.

एडमंटनवासी

माझ्या बोलण्याचा रोख घरात राहणाऱ्यांकडे होता. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण आवाज चढवायची गरज नव्हती.

परळकर

गरज होती.

गच्चीवरची तुळस

सगळे बाल्कनी-बाल्कनी करताय. आमच्या वन बीएचकेला बाल्कनीच नाही. होती ती आधीच्या मालकाने हॉलमध्ये घेतली. समोर नवा टॉवर आला, खिडकीत दुपारी बारालाही लाईट लावावा लागतो. माझ्या नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. सकाळी गच्चीवर बसायला मिळावं म्हणून मी कमिटीला अर्ज केला. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी पुण्याला. मीटिंगमध्ये एक सभासद म्हणतात, "पेशंटला वर चढवता आणि काही झालं तर सोसायटी अडकेल." आणि त्याच गच्चीवर मोबाइल टॉवरवाले रोज जातात, त्यांना किल्ली मिळते! गच्ची सगळ्या सभासदांची असते ना?

डोंबिवलीकर

आमच्याकडेही कुलूपच. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत, वर एक जिना, मग कुलूप.

अध्यक्ष सोसायटी

नावावरून कळलंच असेल मी कोण. कुलूप लावणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या गच्चीवर मुलं टाकीवर चढली होती. 31 डिसेंबरला बाटल्या सापडल्या. वॉटरप्रूफिंगवर कुंड्या ठेवून वरच्या मजल्यावर गळती झाली, खर्च सगळ्यांच्या माथी. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका आजारी माणसाने कठड्यावरून उडी मारली. पोलीस आधी कमिटीला बोलावतात, तुम्हाला नाही. किल्ली हातात असणाऱ्याला रात्री झोप लागत नाही ताई.

गच्चीवरची तुळस

म्हणजे आजारी माणूस दिसला की तुम्हाला आधी उडीच दिसते? मी त्याच्या शेजारी बसणार आहे, वही घेऊन या आणि माझी सही घ्या. नवरा घरात कोंडून राहून राहून बोलेनासा झालाय. ते कोणाच्या मिनिट्समध्ये लिहायचं?

पिंपळपान

धागा कॅन्सरवर होता, तो सोसायटीच्या मिनिट्सवर आला.

गच्चीवरची तुळस

माझ्यासाठी हाच कॅन्सरचा धागा आहे. औषध हॉस्पिटल देतं, उजेड मला कमिटीकडे मागावा लागतो.

परळकर

तुळसताईंचं शंभर टक्के बरोबर. बागांचंही तेच. दुपारी गेटला कुलूप, सकाळी जॉगर लोकांची धक्काबुक्की, बाकांवर पाठ टेकवता येत नाही.

आजोबा सातारकर

एवढी चर्चा कशाला? उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, त्याने कॅन्सर होत नाही. इतकं साधं आहे.

वॉर्डातली ताई

आजोबा, इतकं साधं नाही. व्हायटल नावाच्या अभ्यासात पंचवीस हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा खोट्या गोळ्या दिल्या. कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी गोळी घ्या, ते वेगळं.

आणि अजून एक राहिलं. स्तनाच्या ऑपरेशननंतर "त्या हाताने बादली उचलायची नाही" म्हणून बायकांना जन्मभर घाबरवलं जातं. 2009 मध्ये आलेल्या अभ्यासात हात सुजलेल्या बायकांना हळूहळू वाढवत, देखरेखीखाली वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. एकदम बादली उचला असं मी म्हणत नाही. फिजिओकडून शिकून अर्ध्या किलोपासून सुरू करा.

पिंपळपान

ताईंच्या म्हणण्यावर मला काही बोलता येत नाही, कारण त्या प्रत्येक वाक्यात "विचारून" आणि "देखरेखीखाली" म्हणतात. डोंबिवलीकर, तुमच्या लेखात ते शब्द शोधले, सापडले नाहीत. एवढी भर घाला, मग मी माझ्याही नातेवाइकांना पाठवीन.

डोंबिवलीकर

फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्याच परिच्छेदानंतर आल्या आहेत, पुन्हा वाचा. तरी घालतो: हाडात पसरलेला, काउंट, ताप, कॅपेसिटाबिन, रेडिएशनची जागा. ताईंची यादी जशीच्या तशी.

रानजाई

आणि पेशंट नाही म्हणाला तर त्या दिवशी सोडून द्यायचं, हेही घाला. बाबांना मी उद्या सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून देणार आहे. चालायला सांगणार नाही.

अध्यक्ष सोसायटी

तुळसताई, तुमच्या कमिटीचं मला माहीत नाही. आमच्या सोसायटीत असा अर्ज आला असता तर मी सकाळी साडेसहा ते आठ किल्ली वॉचमनकडे ठेवली असती. बरोबर घरचं एक माणूस, वहीत नोंद, कुंड्या नाहीत. ठरावाचा मसुदा हवा असेल तर पाठवतो. टॉवरवाल्यांना किल्ली मिळते हा मुद्दा मीटिंगमध्ये जरूर काढा, त्याला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

गच्चीवरची तुळस

पाठवा. रविवारी मीटिंग आहे. आणि वेळ नऊपर्यंत करा, केमोच्या दुसऱ्या दिवशी त्याला आठच्या आत उठवत नाही.