फ्लॅटमधला स्टिरिओ: व्हॉल्यूम कमी करायचा की बेस?

कानसेन:
शेजाऱ्यांची तक्रार आली की आपला हात पहिल्यांदा व्हॉल्यूमकडे जातो. माझं मत, आधी बेस कापा. भिंत आवाज अडवते, पण सगळा सारखा नाही. एकेक सप्तक खाली उतरलं, म्हणजे कंपनसंख्या निम्मी झाली, की तिची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. १००० हर्ट्झवरून ६२ वर आलात की चार सप्तकं, म्हणजे २४ डेसिबल गेले. हा कागदावरचा हिशेब, पण दिशा खरी आहे. त्यामुळे सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, बंद, आणि स्पीकर हाताच्या अंतरावर घेऊन ऐका. जवळ बसलं की कमी आवाजातही भरपूर मिळतं.

घुमारा:
मग ट्रान्झिस्टरच ऐकतो ना! हळू आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे दाखवलंय, जुन्या अँप्लिफायरवर खर्ज वाढवणारं लाउडनेसचं बटण त्याचसाठी असायचं. तुम्ही आवाजही कमी करा म्हणता, वर बेसही कापा म्हणता. डग्ग्याचा घुमारा गेला तर उरलं काय? मी सबखाली रबरी पॅड घातलेत, भिंतीला फोम लावलाय. अजून काय करू?

कानसेन:
फोमने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो. बाहेर जाणारा आवाज त्याने अडत नाही, बेस तर नाहीच. पॅडमुळे सबची थरथर थेट फरशीत उतरत नाही एवढंच. हवेतून जाऊन स्लॅब हलवणाऱ्या बेसचं काय?

खालचा मजला:
मी या वादातला ऐकणारा पक्ष. वरचं गाणं कुठलं, हे मला कधीच कळत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं धप्… धप्… आणि कपाटाच्या काचेची किणकिण. गाणं ऐकू आलं असतं तर एकवेळ चाललं असतं.

घुमारा:
दुपारी वाजवलं तरी त्रास? सोसायटीत राहायचं तर थोडं सोसायला नको?

रात्रपाळी:
दुपारी मी झोपतो. हेडफोन लावा की.

घुमारा:
हेडफोनवर गाणं डोक्यात वाजतं, समोर नाही. बेस अंगाला लागत नाही तो वेगळाच.

कानसेन:
अंगाला लागतो तोच खाली जातो, दादा. निदान ६० हर्ट्झच्या खालचं कापून बघा, बहुतेक गायकीला तिथे काही कामच नसतं. आणि एकदा खाली जाऊन उभे राहा, वर कुणाला तरी नॉब फिरवू द्या. धप् थांबेल तिथे चिकटपट्टी लावा.

खालचा मजला:
या, चहा ठेवतो. शिवाय रोजची वेळ ठरवून घेऊ. कधी थांबणार हेच ठाऊक नसतं, त्याचा वैताग जास्त.

घुमारा:
वेळ ठरवू, पट्टीही लावू. सब विकणार नाही.