दारावरचं साल म्हणजे घराचं वय नव्हे

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या एखाद्या दगडी कॉटेजच्या दारावर १६९० कोरलंय म्हणून ते घर १६९० चं, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. ते साल बहुधा दगडी भिंतींचं असतं, किंवा नुसतंच मालकाच्या हौसेचं. उत्तर इंग्लंडात कितीतरी घरं मुळात ओकच्या सांगाड्याची होती. सोळाव्या-सतराव्या शतकात हाती पैसा आला तसा लोकांनी बाहेरून दगड चढवला. सांगाडा आत तसाच राहिला.

यॉर्कशरमधल्याच हटन-ल-होल गावच्या रायडेल लोकसंग्रहालयात डॅनबी गावाहून आणून उभारलेलं स्टँग एंड नावाचं घर आहे. आत मान वर केली की सगळं कळतं. वाकड्या ओकच्या दोन जाड फाकळ्या जमिनीजवळून निघून थेट आढ्यापाशी भेटतात, तिथे त्यांना 'क्रक' म्हणतात. छपराचं बरंचसं ओझं त्यांच्यावर, भिंतीवर नाही. दोन जोड्यांमधली जागा म्हणजे आपल्या वाड्यातला खणच.

तेव्हा वय ठरवायचं तर आधी माळ्यावर चढा. वासे काजळीने काळे असतील तर धुराडं नंतर आलं, आधी मधोमध उघडी चूल होती. कशालाच न जोडलेल्या खाचा आणि खुंट्यांची भोकं दिसली तर लाकूड दुसऱ्या जागचं असू शकतं, हे मात्र ध्यानात ठेवा. खात्री हवी तर वृक्षवलयं, म्हणजे लाकडातली वर्षागणिक वाढीची वर्तुळं, मोजून घ्यावीत; त्यावरून झाड कधी तोडलं ते कळतं. ओक ओला असतानाच तासून लावत, त्यामुळे झाड तोडल्याचं साल बांधकामाच्या अगदी जवळ जातं, अर्थात सालीलगतचं लाकूड शिल्लक असेल तरच.