गुहागर ते तवसाळ किनाऱ्याने पायी: पौर्णिमा धरावी की अष्टमी?

नमस्कार मंडळी,

मित्राबरोबर गुहागरहून किनाऱ्याने चालत पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं आणि फेरीबोटीने जयगडला उतरायचं, असा बेत होता. तो अर्ध्यावर सोडावा लागला. दिवाळीनंतर पुन्हा निघायचंय, म्हणून तिकडच्या माहितगारांना विचारतोय.

चांदण्यासाठी पौर्णिमा धरली होती. गुहागरच्या लांबलचक पुळणीवर चालायला फार छान वाटलं. पालशेतनंतर मात्र कातळ लागला आणि ऐन दुपारी भरती. खालची वाट पाण्यात, वर नुसत्या करवंदीच्या जाळ्या. खडकावरून मागे फिरताना मित्राच्या सँडलचा पट्टा तुटला आणि कालवांनी तळवा चिरला. रात्री सुरूच्या बनाजवळ, ओल्या रेषेच्या बऱ्याच वर तंबू ठोकला. कोरड्या वाळूत खुंट्या धरेनात, वाऱ्याने दोन बाजू सुटल्या, आणि मध्यरात्री उधाणाचं पाणी थेट आत. शिधा, काडेपेटी, पांघरुणं, सगळं भिजलं. पहाटे शेजारच्या घरातल्या काकूंनी चहा दिला आणि त्यांच्या मुलाने मित्राला दुचाकीवरून दवाखान्यात नेलं. जखमेतून शिंपल्याचे कण काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता पाय बरा आहे. त्या माणसांचे उपकार विसरणार नाही.

त्याच घरातल्या आजोबांनी हिशोब सांगितला: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते. म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. चालायला वेळ उत्तम. पण अष्टमीला भांग असतो, पाणी चढतं कमी तसं उतरतंही कमी. पौर्णिमेला ते खूप आत जातं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, उजेड जेमतेम असताना.

माझा मुख्य प्रश्न हाच. पालशेत ते वेळणेश्वर या टप्प्यात भांगाच्या ओहोटीला कातळाखालून जाता येतं का? नसेल तर बुधल, कोंडकारूळकडून सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) जाणारी, गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली पायवाट कुठून सुटते? डांबरी रस्त्याने जायचं नाहीये, पण अगदीच इलाज नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

खुंट्यांऐवजी वाळू भरलेल्या पिशव्या दोरीला बांधून आडव्या पुरायच्या, असं ऐकलंय. कोकणातल्या वाऱ्यात कुणी करून पाहिलंय का? किती खोल पुरता? कालवांवर टिकतील असे, ओले झाले तरी चालणारे बूटही सुचवा. आणि वेळणेश्वरला सुरूत तंबू लावायचा तर आधी विचारायचं कुणाला, ग्रामपंचायतीत की देवस्थानात?