मुलांना सायकलमागे ओढून न्यायला काय घ्यावं? (रत्नागिरीतला सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

बी-३०४: नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. थोरला पाच पूर्ण, धाकटी अडीच वर्षांची. पाऊस उघडला की दोघांना सायकलवरून न्यायचं ठरवतोय. रोज सकाळी शाळा आणि बालवाडी, रविवारी भाट्याला, समुद्रावर. ऑनलाइन बघितलं तर दोन सीटचा ट्रेलर, अर्धी सायकल, ओढायचा दांडा, रबरी दोरी, कॅरियरवरची सीट... किती प्रकार! कोणी वापरलंय का यातलं काही?

सी-१०४: वहिनी, ट्रेलरच घ्या. दोघं एकदम बसतात, वर कव्हर असतं. ऊन नाही, पाऊस नाही.

ए-३०१ आजी: एवढीशी पोरं मागे आणि आपली पाठ त्यांच्याकडे. मागून एसटी आली तर? मला नाही बाई पटत.

बी-३०४: आजी, तीच धास्ती मलाही आहे. म्हणून तर विचारतेय.

सी-२०३: मी लिहिते थोडं. आमच्या मुलाला आधी सीटवर आणि मग अर्ध्या सायकलवर बरीच वर्षं फिरवलाय. अगं, मागे काय लावायचं हे ठरवण्याआधी पुढे काय आहे ते बघ. तुझ्या सायकलचे ब्रेक, गिअर आणि मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस. ते धड नसेल तर मागे कितीही महागाचं लावून उपयोग नाही. दुसरं, रस्ता. आपण वर मारुती मंदिराच्या बाजूला राहतो आणि तुझ्या थोरल्याची शाळा खाली बाजाराकडे. म्हणजे सकाळी सगळा उतार नि दुपारी सगळा चढ.

साधा हिशोब सांगते. दोन सीटचा ट्रेलर रिकामा १२ ते १५ किलोचा. तुझी दोन्ही मुलं मिळून तीसेक किलो धर. झाले ४५. दहा मीटर गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार असेल तर हे ४५ किलो मागून साडेचार किलोच्या जोराने सतत ढकलत राहतात. तू आणि सायकल मिळून ८० किलो असशील, तर ब्रेकला एकदम सव्वाशे किलो थांबवायचे. दीडपटीहून जास्त काम. आणि चढावर तेच ओझं तेवढ्याच जोराने मागे खेचणार.

बी-३०४: ताई, आमच्याकडे दोन सायकली आहेत. ह्यांची गिअरवाली, डिस्क ब्रेकची. माझी साधी लेडीज, पुढे बास्केट, मागे कॅरियर आणि डबल स्टँड.

ए-१०२ काका: लेडीज सायकलला ट्रेलर लावायचा नाही. ती बिनगिअरची, शिवाय रिम स्टीलची आहे ना? ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचं रबर पकडतच नाही. पावसात दाबलास की पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसलं जातं. मी एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढला पोरी, गाडी चालवणं सोपं, थांबवणं अवघड.

सी-२०३: काकांचं शंभर टक्के खरं. आणि तिथे आणखी एक अडचण आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. ट्रेलरचा हिच, म्हणजे सायकलला जोडायचा भाग, मागच्या चाकाच्या एक्सलवर डाव्या बाजूला बसतो, कारण उजवीकडे चेन नि गिअर. आपल्याकडच्या साध्या सायकलच्या त्याच एक्सलवर आधीच मडगार्डची दांडी, कॅरियरची दांडी, डबल स्टँड, सगळं एका नटाखाली आवळलेलं असतं. त्यात हिचची जाड पट्टी घातली की नटाला धरायला आटेच उरत नाहीत. नट वरवर घट्ट वाटतो, पण आत दोन-तीन आट्यांवर लटकलेला असतो. नटाचे सगळे आटे एक्सलवर चढलेले हवेत आणि एक्सलचं टोक नटाबाहेर थोडं दिसायला हवं. क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताच्या खिट्टीने उघडणारा एक्सल) असेल तर त्याचा नट निदान पाच पूर्ण फेरे बसला पाहिजे.

ह्यांच्या सायकलला साइड स्टँड कुठे आहे? मागच्या चाकाजवळ डावीकडे असेल तर तो काढावा लागेल, हिच तिथेच येतो. आणि डिस्कचा कॅलिपर, म्हणजे चकतीला दाबून धरणारा भाग, तोही डावीकडेच. पट्टी त्याला किंवा फ्रेमला टेकते का, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

सी-१०४: एवढं महागडं बाहेरून कशाला मागवायचं? आपला एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला आठवड्यात बनवून देईल. ॲंगल, दोन चाकं, वर जाळी.

ए-१०२ काका: नारळ न्यायला बनव, मीच डिझाइन देतो. पोरांसाठी नको. ट्रेलरच्या जोडाला दर खड्ड्यात हिसका बसतो, खाली-वर, डावी-उजवीकडे, पिळसुद्धा. वेल्डिंग तुटतं ते एका मोठ्या धक्क्याने नाही, हजारो लहान धक्क्यांनी. त्यात आपली खारी हवा. पाइप बाहेरून रंगवलेला चकाचक आणि आतून गंजलेला. वर्कशॉपात असले पाइप मी कापून बघितलेत.

सी-२०३: चांगल्या ट्रेलरच्या जोडात पिळणारा सांधा असतो, त्यामुळे सायकल आडवी पडली तरी ट्रेलर दोन चाकांवर उभा राहतो. ट्रेलरचा सगळ्यात मोठा गुण मला तोच वाटतो. सीटवरचं मूल मात्र सायकलबरोबर उंचावरून पडतं. शिवाय हिच निसटलाच तर धरून ठेवणारा वेगळा पट्टा असतो, तो फ्रेमभोवती घालायचाच. हे सगळं फॅब्रिकेशनवाल्याकडून होणार नाही.

ऑनलाइन घेताना अजून एक बघा. दिसायला तसेच पण कुत्र्यांसाठी किंवा सामानासाठी बनवलेले ट्रेलर स्वस्तात मिळतात. त्यात मुलाचा पाच पट्ट्यांचा हार्नेस नसतो. मुलांच्या ट्रेलरवर युरोपचं ईएन १५९१८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ१९७५ हे मानक लिहिलेलं असतं. ते नसेल तर पुढे वाचूसुद्धा नका.

सी-१०४: आणि ॲक्टिव्हाला जोडला तर? चढाचा प्रश्नच मिटला.

सी-२०३: नाही, अजिबात नाही. बर्ली, थुले या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी सरळ रस्त्यावर ताशी २४-२५ किलोमीटरची मर्यादा घातलीय आणि वळताना ८-१०. कारण वळताना आतलं चाक दगडावर किंवा गटाराच्या कडेवर चढलं की ट्रेलर कलंडतो. ॲक्टिव्हा उतारावर चाळीस कधी गाठते ते कळतसुद्धा नाही.

बी-३०४: माझा भाचा नववीत आहे, कधीतरी त्याने नेलं तर चालेल?

सी-२०३: मी देणार नाही. जर्मनीत यावर सरळ नियम आहे. ओढणारा किमान १६ वर्षांचा हवा आणि ट्रेलरमध्ये सात वर्षांपर्यंतची जास्तीत जास्त दोन मुलं. आपल्याकडे २०२२ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांना हार्नेस, हेल्मेट आणि ४० चा वेग असा नियम निघाला, पण तो मोटरसायकल-स्कूटरसाठी. सायकलचं आपणच ठरवायचं, म्हणून जरा कडकच ठरवावं.

ए-३०१ आजी: आणि हेल्मेट त्या ट्रेलरच्या आत पण घालायचं?

सी-२०३: हो आजी, आतसुद्धा. पण डोक्यामागे पाठीला हेल्मेटसाठी खोलगट जागा हवी. ती नसली की हेल्मेट मागे टेकतं, मान पुढे ढकलली जाते आणि हनुवटी छातीला लागते. झोपलेल्या मुलाचा तर श्वास अवघडतो. दुकानात हेल्मेट घालूनच धाकटीला बसवून बघायचं. एक वर्षाखालचं मूल तर कशातच न्यायचं नाही, त्याची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही.

पुढची जाळी कायम बंद. मागच्या चाकातून उडणारी लाल माती, खडी थेट तोंडावर येते. कुत्र्यांचं तोंडही नेमकं त्याच उंचीवर. काठीवरचा झेंडा काढायचा नाही, कारण ट्रेलर गाडीच्या बॉनेटहून खाली असतो, ट्रकवाल्याला दिसतच नाही. आणि पावसाच्या कव्हरबद्दल मघाशी कोणी म्हणालं ना, आपल्या हवेत ते पूर्ण बंद केलं की आत मुलं घामाने भिजतात. जुलैमध्ये ट्रेलर नकोच. रस्त्यावरचा खड्डा पाण्याखाली असतो.

बी-३०४: मग अर्धी सायकल म्हणजे नक्की काय? आणि तो दांडा?

सी-२०३: अर्ध्या सायकलला पुढचं चाक नसतं. एक चाक, पेडल, हँडल आणि पुढे लांब नळी, ती तुमच्या सीटखालच्या दांडीला अडकते. मूल मागे बसून पेडल मारतं, नाही मारलं तरी चालतं. चार-साडेचार वर्षांपासून आठ-नऊपर्यंत. थोरल्याला अगदी बरोबर. तो नुसतं ओझं राहत नाही, चढावर खरंच मदत करतो. आमचा तर "आई, मी ढकलतोय" म्हणून ओरडायचा आणि ते पायांना कळायचं.

खोट एकच, सीटपोस्टवरचा, म्हणजे त्या सीटखालच्या दांडीवरचा जोड सैल असतो. मूल एका बाजूला झुकलं की अख्खी अर्धी सायकल तिकडे कलते आणि ते झोल आपल्या कंबरेत जाणवतं. घेताना जोडून, आपली सायकल कोणाला तरी घट्ट धरायला सांगून मागच्या हँडलला डावी-उजवीकडे हलवून बघ. खडखडलं तर नको. बर्लीची पिकोलो सीटपोस्टऐवजी चाकावरच्या खास कॅरियरला जोडली जाते, ती बरीच स्थिर. तिचं कॅरियर मात्र तुमच्या फ्रेमवर बसतंय का ते आधी विचारा.

दांड्याचे दोन प्रकार. ट्रेल-गेटरसारखा सीटपोस्टला लागतो, मुलाच्याच छोट्या सायकलचं पुढचं चाक उचलून धरतो. फॉलोमीसारखा मागच्या एक्सलला लागतो, तो खालून धरत असल्याने कमी डोलतो. दोन्ही १२ ते २० इंची सायकलींसाठी. सोय अशी की भाट्याला पोचलात की दांडा सोडायचा आणि थोरला स्वतःची सायकल वाळूवर चालवायला मोकळा. तुमचा रविवार बघता मी हाच घेईन.

ए-१०२ काका: रबरी दोरीचं सांगायचं राहिलं.

सी-२०३: दोरी सहा-सात वर्षांच्या, चांगली सायकल येणाऱ्या मुलाला चढावर ओढायला. डोंगरात सायकल चालवणारे वापरतात. दोरी फक्त ओढते, थांबवत नाही. उतारावर मुलाने स्वतः ब्रेक मारायचा आणि तो मारला नाही तर आपल्या मागच्या चाकात घुसणार. आपल्या रस्त्यावर, वाहतुकीत, नको.

बी-३०४: आणि धाकटी?

सी-२०३: तिला कॅरियरवरची सीट. २२ किलोपर्यंतची, ईएन १४३४४ लिहिलेली, पायाला खोल कप आणि पट्टे असलेली. पाय आऱ्यांत जाणं हा सायकलवरच्या मुलांचा सगळ्यात ओळखीचा अपघात आहे, आणि तो फार वाईट असतो. तुझ्या लेडीज सायकलला साडीची जाळी आहे ना? ती काढू नकोस, दुसऱ्या बाजूलाही लावून घे. कॅरियरवर २५ किलो पेलतो असं कोरलेलं असायला हवं, साधं पातळ सळईचं नको. ओढणी बांधूनच निघायचं.

उतारावर तू धाकटीला घेऊन पुढे, ते थोरल्याला घेऊन मागे. दोघांना एकाच सायकलमागे घालून त्या उतारावरून रोज नेऊ नका, मला ते मान्य नाही. गिअरच्या सायकलला मागे ३४ दात्यांची मोठी चकती असेल तर परतीचा चढ निघेल. नसेल तर उतरून ढकलत या.

सी-१०४: मग ट्रेलर बादच?

सी-२०३: बाद नाही. सपाट जागा, कमी गाड्या, सकाळची वेळ असेल तर दोन लहानग्यांसाठी ट्रेलरसारखं सुख नाही. भाट्याला ओहोटीच्या टणक वाळूवर सुंदर चालतो. पूल ओलांडून पुढे गोळपकडे चढणाऱ्या रस्त्यावर नको. आरे-वारेच्या घाटात तर मुळीच नको. वाळूवरून आलं की गोड्या पाण्याने चाकं, हिचची पिन नि स्प्रिंग धुवायची, पुसायची, तेल द्यायचं. न धुता आठवडा ठेवली तर पिन अडकून बसते. आणि पावसाळ्यात कापड सुकवून, घडी घालून घरातच, नाहीतर बुरशी.

सचिव: ट्रेलर कोणी घेतलाच तर जिन्याखाली ठेवू नये ही विनंती. मीटर रूमची वाट अडते. पंपाजवळच्या शेडमध्ये भिंतीला हूक मारून देतो.

ए-३०१ आजी: सीट घेशील ती पोरीला बसवून मला दाखव आधी. पट्टे मी बघते.

बी-३०४: नक्की आजी. ताई, काका, खूप बरं वाटलं. तर थोरल्याला एक्सलवरचा दांडा, ह्यांच्या गिअरच्या सायकलला. धाकटीला माझ्या मागे सीट. माझ्या रिम आणि ब्रेक आधी बदलून घेते, ॲलॉयच्या घालते. ट्रेलर यंदा नाही. ताई, एक्सलवर दांड्याची पट्टी बसेल का, ते कसं बघायचं?

ए-१०२ काका: उद्या सकाळी आठला दोन्ही सायकली खाली आण. १५ चा पाना माझ्याकडे आहे. डावा नट काढून आटे मोजू आणि मगच ऑर्डर टाका. डिस्कच्या सायकलला क्विक रिलीज आहे की आरपार जाणारा जाड एक्सल, तेही बघू. आरपार असेल तर वेगळा ॲडॅप्टर लागेल.

सी-२०३: मी पण येते. थोरल्याची छोटी सायकलपण आणा, तिच्या पुढच्या चाकाचा नट बघायला हवा.

सचिव: आठ ते नऊ टँकर येणार आहे, गेटसमोर उभ्या करू नका. मागच्या शेडमध्ये या.